भिंत बाहेर सरकते कशी? आरव्हीतल्या ‘स्लाइड-आउट’ खोलीची गोष्ट

किन्हीराजावरून बोलतेय. ज्यांना ऐकायला निवांतपणा नाही किंवा ज्यांचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. ऑडिओमध्ये मी मध्येच भरकटले होते, ते इथे छाटलंय. काही आकडे मात्र वाढवलेत, कारण आकडे कानांपेक्षा डोळ्यांना बरे पडतात.

तर ती रील तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. अमेरिकेतली बसएवढी गाडी मैदानात येऊन उभी राहते. आत कुणीतरी बटण दाबतं आणि गाडीची बाजूची भिंत खिडकीसकट, सोफ्यासकट, कधी कधी अख्ख्या किचनसकट हळूहळू बाहेर येते. अर्ध्या मिनिटात बोळकांडीचा हॉल होतो. आमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, “हे खरं आहे की एआय?” खरं आहे. तिकडे अशा फिरत्या घरांना आरव्ही म्हणतात आणि या बाहेर येणाऱ्या खोलीला स्लाइड-आउट. मोटरहोममध्ये, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या फिरत्या घरात, ही खोली इंडियाना राज्यातल्या न्यूमार कंपनीने १९९० मध्ये आणली. आज तिकडच्या मोठ्या आरव्हीत ती नसेल तरच लोक विचारतात, काहो, का नाही?

दुसरा प्रश्न व्हॉइस नोटवर आला. पाठवणारा दादा आपल्याच भागातला, वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं काम करतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो. “ताई, जुनी मिनीबस घेतली मी. बाजू कापतो अन् अशीच खोली बसवतो. समृद्धीवरून लोणारले, शिर्डीले जाणाऱ्या टुरिस्टले भाड्यानं देईन. मोटर तं भेटूनच जाते. जमन काय?” बसमध्ये त्याचे यंदाच्या सोयाबीनचे पैसे अडकलेत. म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा. त्याने अजून ग्राइंडर चालवलेला नाही.

आधी, हे करावंच का लागतं? कारण रस्ता. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे साधारण साडेआठ फूट. अमेरिकेतही मर्यादा १०२ इंच, जवळपास तेवढीच. त्यातून दोन्हीकडच्या भिंतींची जाडी वजा करा, एका बाजूला सोफा ठेवा, दुसऱ्या बाजूला ओटा. मधे उरतो तो एस.टी.च्या दोन सीटांमधल्या वाटेचा थोरला भाऊ. गाडी लांब करता येते, थोडी उंच करता येते, रुंद करता येत नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की रुंदी फक्त चालताना पाळायची असते. उभी राहिल्यावर भिंत बाहेर गेली तर कुणाचं काय बिघडतं? १२ फूट लांबीची भिंत ३ फूट बाहेर गेली तर ३६ चौरस फूट जागा वाढते. दोन्ही बाजूंनी काढली तर ७२. आपल्याकडच्या एका बेताच्या खोलीएवढी जागा नुसती सरकून मिळाली.

म्हणजे स्लाइड-आउट हा मुळात एक ड्रॉवर आहे. पाच बाजू बंद असलेली पेटी: तळ, छत, बाहेरची भिंत आणि दोन बगला. सहावी बाजू घराकडे उघडी. एवढंच.

पण दादा म्हणतो तसं “मोटर भेटली का झालं” हे तितकं खरं नाही, आणि का नाही ते समजायला मोठ्या ड्रॉवरकडेच जाऊ. (ऑडिओत इथे जो खडखडाट आहे, तो आमच्या घरच्या जुन्या टेबलाचा.) अरुंद आणि खोल ड्रॉवर एका बोटाने ओढला तरी सरळ येतो. रुंद आणि उथळ ड्रॉवर एका टोकाला धरून ओढा, तो लगेच तिरका होतो आणि दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर अडकतो. मग जितका जोर लावाल तितका घट्ट बसतो. आता स्लाइड-आउटचं माप आठवा: १२ फूट रुंद, ३ फूट खोल. ड्रॉवर म्हणून याहून वाईट माप शोधून सापडायचं नाही.

ढकलायला ताकद तशी फार लागत नाही. खोली आतल्या सामानासकट ५०० किलोची धरा. ती उचलायची नाहीये, रोलरवर सरकवायची आहे, तीही गोगलगायीच्या गतीने. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ३० अँपिअर घेणारी मोटर म्हणजे ३६० वॉट. तुमच्या घरचा मिक्सर ५०० वॉटचा असतो. म्हणजे चटणी वाटायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी ताकदीत दिवाणखाना बाहेर येतो. गिअरबॉक्स वेग कमी करून जोर वाढवतो, म्हणून हे जमतं. खरी अडचण दोन्ही टोकं एकाच वेळी, एकाच वेगाने सरकवण्याची आहे. बाजारातल्या सगळ्या पद्धती या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

जुनं आणि माझ्या मते सर्वांत समजूतदार उत्तर म्हणजे दात्याची पट्टी आणि गिअर. बंगल्याचं मोटरवर सरकणारं गेट पाहिलंय ना? गेटच्या खालच्या बाजूला दातेरी पट्टी असते आणि खांबाजवळच्या मोटरीचं छोटं गिअर त्या दात्यांत फिरून गेट ओढतं. तेच इथे, फक्त गाडीच्या खाली. खोलीच्या तळाला दोन जाड लोखंडी हात जोडलेले असतात, ते चेसिसमधून आरपार सरकतात. प्रत्येक हाताला दातेरी पट्टी, प्रत्येक पट्टीखाली एक गिअर. आणि मुख्य गोष्ट अशी की दोन्ही गिअर एकाच आडव्या दांड्यावर बसवलेले. मोटर तो दांडा फिरवते. दांडा एक, म्हणून दोन्ही गिअरचे फेरे सारखे, म्हणून दोन्ही टोकं बरोबर. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. ग्रीस लावा आणि दाते घाण होऊ देऊ नका.

खोली फारच जड असेल तर हायड्रॉलिक. इथे दादाचा चेहरा खुलणार, कारण ट्रॉलीचा जॅक त्याच्या हातचा मळ. बॅटरीवरचा पंप तेलाला दाब देतो, सिलिंडर खोलीला ढकलतो. जोर भरपूर मिळतो, हालचाल गुळगुळीत होते. पण एक गोम आहे. एका पंपाला दोन सिलिंडर जोडले की तेल आधी तिकडे जातं जिकडे विरोध कमी. सोफा एका टोकाला, फ्रिज दुसऱ्या टोकाला असेल तर हलकं टोक पुढे धावणार, जड टोक मागे राहणार. ट्रॉली उलटताना हे चालून जातं, कारण तिथे कडेला रबर नाही आणि चौकटही नाही. म्हणून हायड्रॉलिक स्लाइड-आउटमध्येही बहुधा तो जुना आडवा दांडा ठेवतातच. तेल ढकलतं, दांडा शिस्त लावतो.

तिसरी पद्धत भिंतीच्या आतली. गाडीखाली हात घालायला जागा नसेल तर खोलीच्या दोन्ही बगलांना वर-खाली दातेरी पट्ट्या लावतात आणि चौकटीच्या दोन्ही खांबांत एकेक छोटी मोटर बसवतात. हिचं वजन कमी, जागाही कमी लागते. श्विनटेक हे नाव तिकडे या पद्धतीसाठी सर्रास घेतात. पण दोन मोटरींना जोडणारा दांडा इथे नसतो. त्याऐवजी प्रत्येक मोटरीत फेऱ्यांचे ठोके मोजणारा सेन्सर असतो, आणि कंट्रोलर दोन्हींचे ठोके ताडून पाहतो. डावी पुढे गेली तर तिला थोडं रोखतो. यात बटणाची सवय महत्त्वाची. खोली पूर्ण बाहेर गेली किंवा पूर्ण आत आली की मोटरी आपापल्या टोकाला अडून स्वतः थांबेपर्यंत बटण दाबून ठेवायचं असतं, कारण तिथेच दोघींचा हिशोब जुळतो. अर्ध्यावर सोडत राहिलात तर फरक साठत जातो आणि मग तो रुंद ड्रॉवर तिरका होतो.

चौथी केबलची. एक मोटर साखळी फिरवते, साखळीला पोलादी दोर आणि ते पुलींवरून चारही कोपऱ्यांना जातात. बाहेर ओढणारे दोर वेगळे, आत ओढणारे वेगळे. विहिरीवरचा रहाट आठवला तरी चालेल. चारही कोपरे एकदम ओढले जातात हा फायदा. दोर सैल पडले की ताण पुन्हा जुळवत बसावं लागतं, हा त्रास.

आता पाणी. खरं सांगते, मला या सगळ्यात गिअरपेक्षा रबर जास्त आवडलं. विचार करा, तुम्ही गाडीच्या भिंतीला दरवाजाहून कितीतरी मोठं भोक पाडलंय आणि त्या भोकात एक पेटी आत-बाहेर करतेय. पेटी सरकायची तर भोवती फट हवी. फट आहे तर आषाढातलं पाणी येणार, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात फुफाटा येणार.

त्यावर उपाय दोन तऱ्हेच्या रबरांचा. एक पातळ जिभेसारखं, गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखं. खोली सरकताना ते बगलांना घासत राहतं आणि पाणी, धूळ निपटून टाकतं. दुसरं पोकळ नळीसारखं, फ्रिजच्या दाराला असतं तसं. ते दाबलं गेलं तरच काम करतं. म्हणून पेटीला दोन्हीकडे कडा असतात. बाहेरच्या भिंतीची कड चौकटीपेक्षा मोठी असते, खोली आत आली की ती बाहेरून नळीवर दाबून बसते. आतल्या टोकालाही तशीच कड, ती खोली पूर्ण बाहेर गेल्यावर आतून दाबते. म्हणजे बंद होण्याच्या जागा दोनच, पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर. अधल्यामधल्या अवस्थेत फक्त जिभेच्या रबरावर भरवसा. एक टोक बोटभर मागे राहिलं तर त्या टोकाची नळी दाबली जात नाही आणि पाणी तिथूनच शिरतं. दोन्ही टोकं बरोबर सरकण्याचा प्रश्न इथे पुन्हा येतो, पाण्याच्या रूपात.

खोलीच्या छतावर पानं, काटक्या, पाणी साचतं आणि खोली आत घेताना ते सगळं घरात येऊ शकतं. म्हणून वर कापडाचा गुंडाळा बसवतात. खोली बाहेर जाते तसा तो स्प्रिंगच्या नळकांड्यावरून उलगडतो, आत येते तसा गुंडाळला जातो. आणि रबर उन्हाने कडक होतं. वाशिमचा मे महिना आठवा आणि त्या रबराची दया करा. त्याला ठरावीक काळाने रबरासाठीचा स्प्रे मारावा लागतो. इंजिन ऑइल किंवा ग्रीस चोपडू नका, त्याने रबर फुगतं आणि मातीही चिकटते.

तळाचीही एक गंमत आहे. खोली आत असते तेव्हा तिचा तळ घराच्या तळावर चढलेला असतो, म्हणून बाहेर गेल्यावर मधे पायरी उरते. महागड्या गाड्यांत खोली शेवटच्या काही इंचांत उतारावरून खाली बसते आणि फरशी सलग होते. रीलमध्ये जो हलका ‘धप्प’ ऐकू येतो, तो बहुधा हाच.

आता दादाचा प्रश्न. मी त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे मांडते.

बसची बाजू म्हणजे पत्रा नाही. पत्रा हे वरचं कातडं. आत उभे खांब आहेत, खिडकीच्या खालून आणि वरून जाणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत, आणि हे सगळं मिळून एक मोठी तुळई होते. रस्त्याच्या खड्ड्यात गाडी पिळवटते तेव्हा तो पीळ हीच तुळई झेलते. बस उलटली तर छताला माणसांवर बसू न देण्याचं कामही याच खांबांचं. तिथे १२ फुटांचं भोक पाडलं म्हणजे घराची भार पेलणारी भिंत काढली. आरव्ही बनवणारे कारखाने आधीच भोकाभोवती भक्कम चौकट धरून गाडी आखतात, आणि खालची चेसिसही तो हिशोब करूनच घेतात. तयार मिनीबस कापून मागाहून चौकट जोडणं ही वेगळी गोष्ट आहे. चौकट जरा जरी पिळली तरी ती गुण्यात राहत नाही, आणि तिरक्या चौकटीत सरळ ड्रॉवर चालत नाही. म्हणजे मोटर कितीही भारी आणा, जाम होणारच.

मग वजन. खोली, दांडे, मोटर, जास्तीची चौकट असं सगळं मिळून गाडीच्या एकाच बाजूला काही शे किलो वाढतात. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन वाढत नाही, एका बाजूचे टायर मात्र रोज ते ओझं वाहतात. आणि खोली बाहेर असताना हे वजन चाकांच्या बाहेर लटकतं, म्हणून गाडी आधी पाणसळीत आणून टेकू लावायचे असतात, मग बटण.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी करताना उत्पादकाने जी रचना दाखवलीय, ती परस्पर बदलता येत नाही. वेल्डिंग कितीही सुबक असलं तरी आरटीओची मंजुरी नसेल तर पासिंग अडतं, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. कारखान्याला नवी गाडी बाजारात आणायची असेल तर नमुना तपासून घ्यावा लागतो. पुण्यात त्यासाठी एआरएआय आणि सीआयआरटी अशा संस्था आहेत. एका मिनीबससाठी एकट्या माणसाने हे करणं पैशाने परवडणारं नाही, हे मी त्याला स्पष्टच सांगितलं.

“मंग मुंबईच्या हिरोंच्या गाड्याईत असते ते?” असते. शूटिंगच्या काही बड्या व्हॅनिटी व्हॅनना सरकणारा भाग आहे. पण त्या गाड्या एका सेटवर दिवसभर उभ्या असतात, सोबत ड्रायव्हर आणि मेकॅनिक असतो, आणि बिघडलं तर दुरुस्तीचं बिल दुसरंच कुणीतरी भरतं. भाड्याची गाडी दर दोन दिवसांनी नव्या माणसाच्या हातात जाणार. अर्ध्यावर बटण सोडणारे आपण सगळे.

शिवाय खोली उघडायची कुठे? समृद्धी महामार्ग आता पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झालाय, ५ जून २०२५ पासून, आणि आपल्या जिल्ह्यातून जातो हे खरं. पण त्याच्या कडेला गाडी लावून संसार मांडता येत नाही. त्यातून आपण डाव्या बाजूने चालतो, दार डावीकडे. खोली उजवीकडे काढली तर ती थेट धावत्या गाड्यांच्या अंगावर. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा गाड्या थांबवायच्या कॅरॅव्हॅन पार्कचा विचार आहे. वीज, पाणी, सपाट जागा, सांडपाण्याची सोय असलेली जागा. मला विचाराल तर दादाच्या हाताला खरा धंदा तिथे आहे. लोणारच्या रस्त्याला कुणाच्या शेतात अशी जागा निघाली तर टेकू, शेड, पाण्याच्या जोडण्या, गेट सगळं फॅब्रिकेशनचंच काम. बसमध्ये बाहेरची भिंत न कापता घडीचे पलंग आणि उचलायचं टेबल बसवता येईल, तेही आरटीओला आधी आराखडा दाखवून.

तो म्हणाला, “मंग बस वावरातच उभी ठेवतो, कायमची, अन् खोली काढतो.” मी म्हटलं, दादा, कायमची उभी ठेवायची तर खोली सरकवायची कशाला? शेजारी बांध की! दोघंही हसलो. बस अजून अख्खी आहे.

जाता जाता, ज्यांना खरंच कधी अशी गाडी भाड्याने घ्यायची आहे त्यांच्यासाठी. आपल्यातल्या किती जणांची भावंडं अमेरिकेत आहेत! माझ्या मावसबहिणीने तिकडे उन्हाळ्यात अशी गाडी घेतली होती, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खोली आत यायलाच तयार नाही. मोटर नुसती कण्हायची. कारण होतं बॅटरी. रात्रभर पंखा आणि दिवे चालले होते. ३० अँपिअर ओढले की वायरीत आणि थकलेल्या बॅटरीत मिळून दोन व्होल्ट गळतात, १२ चे १० उरतात आणि मोटरीला जोर येत नाही. म्हणून खोली हलवताना इंजिन चालू ठेवा किंवा गाडी कॅम्पच्या विजेला जोडा. त्याआधी बाहेर एक चक्कर मारा: झाड, खांब, शेजाऱ्याची खुर्ची. आत कपाटाचं दार उघडं नाही ना, खोलीच्या वाटेत चप्पल नाही ना, तेही पाहा. एक जण आत, एक बाहेर, आणि बटण एकदा दाबलं की शेवटपर्यंत.

आणि गाडी ताब्यात घेतानाच एक गोष्ट विचारून घ्या: हाताने आत घ्यायची सोय कुठे आहे? बहुतेक पद्धतींत ती असते. कुठे मोटरीच्या मागच्या टोकाला पाना लावून फिरवायचं, कुठे मोटरीचा ब्रेक सोडून सगळ्यांनी मिळून ढकलायचं. मावसबहिणीला ती जागा सापडायला दीड तास लागला. ती सोफ्याखालच्या फळीमागे होती आणि तो सोफा खोलीसोबतच बाहेर गेलेला होता.